लेनी रीफेनश्टाल : बाई खरंच 'फक्त कलाकार' होती का?

अर्धवट सिनेमावेडी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

प्रश्न हिटलरच्या काळातल्या जर्मन डायरेक्टर लेनी रीफेनश्टालबद्दल आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवरची तिची 'ऑलिम्पिया' बघितली, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी जो डायव्हिंगचा तुकडा आहे तो काही केल्या डोक्यातून जाईना. सुरुवातीला साधंच असतं, माणूस फळीवर येतो, उडी मारतो, पाण्यात पडतो. मग हळूहळू कोण कुठल्या देशाचा, कुणाला किती गुण, हे सगळं गायब होतं, मग पाणीसुद्धा गायब होतं आणि उरतं नुसतं ढगाळ आकाश आणि त्यात एकामागून एक झेपावणाऱ्या माणसांच्या सावल्या. काही शॉट तर उलटे चालवलेत. ही बाई तेव्हा पस्तिशीची पण नव्हती हो.

मग साहजिकच तिच्याबद्दल वाचायला घेतलं आणि पार गोंधळ उडाला. एकीकडे हिटलरची लाडकी डायरेक्टर, नाझींची प्रचारक वगैरे. दुसरीकडे ती स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिली की मी पार्टीची सभासद कधीच नव्हते (हे म्हणे खरंच आहे), मला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, दिलेलं काम मी जीव ओतून केलं, माझा गुन्हा काय तेवढं सांगा. तिच्यावरची रे म्युलरची १९९३ ची तीन तासांची डॉक्युमेंटरी बघितली, त्यात नव्वदीची बाई एडिटिंग टेबलवर बसून स्वतःचे शॉट दाखवताना अशी खुलते की बघत राहावं, आणि दुसऱ्याच क्षणी म्युलरवर खेकसते.

तर जाणकारांनो, तिला दुसरा काही पर्याय होता का? नंतर शिक्षा वगैरे झाली का? आणि एवढं सगळं होऊनही ती सत्तरच्या दशकात परत फेमस कशी काय झाली? मित्र म्हणतो असल्या लोकांचं काही बघूच नये, विषय संपला. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाहीये.

रीळवाला:
ताई, धागा चांगलाय, फक्त ऑलिम्पियापासून सुरुवात केलीत की बाई फार गोड दिसते, थोडं मागे जाऊ.

जन्म १९०२ चा, बर्लिनचा. वडिलांचा इमारतींना हीटिंग बसवायचा धंदा. पोरगी डान्सर झाली, बापाच्या विरोधात जाऊन, मग गुडघा गेला, आणि त्याच काळात आर्नोल्ड फांकचा एक डोंगरपट बघून येडी झाली. डोंगरपट म्हणजे तेव्हा जर्मनीत एक वेगळा प्रकारच होता, बर्फ, कडे, हिमकडा कोसळतोय आणि हिरो लटकतोय. स्टुडिओतलं काही नाही, सगळं खऱ्या डोंगरावर जाऊन. ही फांकला जाऊन भेटली, त्याची हिरोईन झाली, अनवाणी कडे चढली, बर्फात गाडून घेतलं, आणि हे करता करता कॅमेरा, लेन्स, फिल्टर, एडिटिंग सगळं शिकून घेतलं. १९३२ ला स्वतः 'दास ब्लाउअ लिष्ट' म्हणजे 'निळा प्रकाश' डायरेक्ट केला. त्या काळात बाईने हे करणं म्हणजे काय चीज होती ते मान्य करूनच पुढे बोलू.

आता खरी गंमत इथे आहे. या सिनेमाच्या लिखाणात तिचा मोठा साथीदार होता बेला बालाझ, हंगेरियन, ज्यू, डाव्या विचारांचा आणि सिनेमाच्या थिअरीतला बाप माणूस. प्रोड्युसर हॅरी सोकाल, तोही ज्यू घरातला. १९३३ ला हिटलर सत्तेवर आला, बालाझ तेव्हा मॉस्कोत, त्याने आपले राहिलेले पैसे मागितले. तर बाईने काय करावं? ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं 'डेअर श्ट्युर्मर' छापणारा युलिउस श्ट्रायखर, जो पुढे न्युरेंबर्गला फासावर गेला, त्याला लेखी अधिकारपत्र दिलं की "ज्यू बेला बालाझच्या" मागण्यांचं प्रकरण माझ्या वतीने तुम्ही बघा. तो कागद आहे, तिच्या सहीचा. आणि १९३८ ला सिनेमा परत लागला तेव्हा बालाझ आणि सोकाल दोघांचीही नावं टायटलमधून गायब.

आता सांगा, याला राजकारण न कळणं म्हणतात का? मला तर वाटतं कुणाकडे गेलं की काम होतं हे फारच चांगलं कळत होतं.

पर्यायाचं म्हणाल तर १९३२ मध्ये, म्हणजे हिटलर अजून सत्तेवर यायचा होता तेव्हाच, तिने त्याचं भाषण ऐकलं आणि स्वतःहून पत्र लिहून भेट मागितली. बोलावणं आलं म्हणून गेली असं नाही. त्याच सुमारास फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर यांच्यासारखी सिनेमातली माणसं चंबूगबाळं आवरून देश सोडत होती. बरं सगळ्यांना जाणं जमलं नसतं हे कबूल, पण गप्प बसणं तरी जमलं असतंच की.

कातरी आणि डिंक:
रीळवाल्यांशी सहमत. मी एडिटिंग करतो त्यामुळे माझं त्या बाजूने.

लोक म्हणतात की तिची 'ट्रायम्फ ऑफ द विल' टेक्निकली ग्रेट आहे पण कंटेंट वाईट. मला ही वाटणीच मान्य नाही. १९३४ च्या सप्टेंबरात न्युरेंबर्गला नाझी पार्टीचं अधिवेशन झालं, त्याचं हे शूटिंग. साधारण १७० माणसांचं युनिट होतं, कॅमेरामन आणि असिस्टंट मिळून तीसच्या वर. झेंड्याच्या उंच खांबाला लिफ्ट बसवलेली, त्यातून कॅमेरा वर खाली जातोय. एकजण रोलर स्केट्सवर कॅमेरा घेऊन फिरतोय. नेत्यांसमोर गोल ट्रॅक टाकलेत. म्हणजे कॅमेऱ्यासाठी अख्खं शहर मोकळं करून दिलेलं. इतकी सोय कुठल्या पत्रकाराला कधी मिळालीये? आणि बाई नंतर आयुष्यभर काय म्हणते, तर माझ्या फिल्ममध्ये निवेदन नाही, मी काही शिकवलं नाही, जे घडलं ते टिपलं, हा इतिहास आहे.

अहो निवेदन नाही हीच तर खरी चलाखी आहे. पहिलाच सीन घ्या. ढग, ढग, ढग, त्यातून विमान खाली येतं, विमानाची सावली रस्त्यावरून चालणाऱ्या रांगांवरून सरकते, मग दार उघडतं आणि हिटलर. एक शब्द न बोलता तुम्हाला सांगून झालं की हा वरून आलाय. पुढे बघा, हिटलर कायम एकटा फ्रेममध्ये, कॅमेरा खालून, आणि बाकी माणसं कायम हजारांत नाहीतर एकेक देखणा चेहरा, ज्याला नाव नाही आणि मत नाही. हे सगळं टेबलावर ठरवून केलेलं आहे. कुठला चेहरा कुठल्या वाक्याला जोडायचा हे ठरवणाऱ्याने मला यातलं काही कळत नव्हतं म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक. हिटलरचा आर्किटेक्ट आल्बर्ट स्पेअर याने आठवणींमध्ये लिहिलंय की काही भाषणांचं फुटेज खराब झालं म्हणून नंतर स्टुडिओत सेट लावून ती परत शूट केली. तर पार्टीतला हिटलरचा डेप्युटी रुडॉल्फ हेस आला, आणि समोर हिटलर नाही, कुणीच नाही, तरी जिथे तो बसला असता बरोबर तिकडे वळून, टाचा जुळवून तसाच्या तसा ओरडला. स्पेअर म्हणतो मला धक्का बसला, बाईला मात्र यात काही वावगं वाटलं नाही, उलट अभिनय खऱ्यापेक्षा सरस झाला असंच तिला वाटलं. बाईने हे नंतर नाकारलं. स्पेअर स्वतः किती खरा हा वेगळा विषय. पण १९३५ साली खुद्द तिच्याच नावावर या फिल्मच्या मेकिंगचं पुस्तक निघालं त्यात सरळ छापलंय की अधिवेशनाची तयारी आणि कॅमेऱ्याची तयारी हातात हात घालून चालली होती. पुढे ते अंगाशी आल्यावर बाई म्हणाली ते मी लिहिलंच नाही, दुसऱ्याने लिहिलं, मी वाचलंही नव्हतं.

ऑलिम्पिया त्या मानाने खूपच मोकळी फिल्म आहे हे मात्र खरं. धावपट्टीच्या कडेला खड्डे खणून त्यात कॅमेरे, पाण्याखाली जाणारा कॅमेरा, सुमारे ४ लाख मीटर फिल्म आणि मग दीड-दोन वर्षं ती एकटी एडिटिंगला. जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूला तिने कापला नाही, उलट भरपूर दाखवलाय. पण पैसा? प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याचा, १५ लाख राइशमार्क, आणि सरकार उघड दिसू नये म्हणून तिच्या नावाने कंपनी काढलेली. प्रीमियर २० एप्रिल १९३८, हिटलरच्या वाढदिवसाला. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

अवांतरवाला:
अवांतर: त्याच ऑलिम्पिकला ध्यानचंदच्या टीमने फायनलमध्ये जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१ ने धुतलं, आणि आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी बर्लिनला जाऊन कबड्डी करून दाखवली होती. चालू द्या.

उंटावरचा शहाणा:
सगळं मान्य, पण मला एक सांगा, ठोकायला कायम हीच बाई का सापडते?

फाइट हारलान नावाचा डायरेक्टर होता, त्याने १९४० ला 'यूड झ्यूस' काढला, तो तर सरळसरळ ज्यूद्वेषाचा विखारी सिनेमा, नाझींच्या एसएस दलातल्या लोकांना मुद्दाम दाखवला जायचा. युद्धानंतर त्याच्यावर खटला झाला, दोनदा सुटला, आणि पन्नासच्या दशकात पठ्ठ्या आरामात सिनेमे काढत होता. हिला चार वेळा चौकशीला बोलावलं, शेवटी शिक्का काय तर 'मिटलॉयफर', म्हणजे नुसती मागे मागे चालणारी. कामावर बंदीही नाही. तरी पन्नास वर्षं कुणी पैसा लावला नाही. अमेरिकेत ग्रिफिथने १९१५ ला गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या कू क्लक्स क्लॅनला हिरो केलं, त्याला आपण फिल्म स्कूलमध्ये सिनेमाचा पितामह म्हणून शिकवतो. रशियात आयझेनश्टाइन सिनेमे कुणाच्या पैशावर काढत होता, सरकारच्याच ना? बाई होती, देखणी होती, हिटलरबरोबर फोटो होते, त्यामुळे चघळायला बरं पडतं. पुरुष असती तर एव्हाना मास्टर म्हणून रेट्रोस्पेक्टिव्ह झाले असते.

निमूट वाचक:
शहाणे, हारलानबद्दल तुमचं बरोबर आहे, तो सुटला ही लाजच आहे, पण त्यामुळे हिचा हिशोब कमी होत नाही. आणि इथे सगळे १९३४ वरच अडकलेत. माझ्या मते ट्रायम्फ हा तिच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा नाहीच. सगळ्यात मोठा पुरावा 'टीफलांड' आहे, जो बघायला कुणी जात नाही.

आधी पोलंड. सप्टेंबर १९३९, युद्ध सुरू झाल्याझाल्या बाई युनिफॉर्म घालून युद्धाचं शूटिंग करायला गेली. कोन्स्किए नावाच्या गावात जर्मन सैनिकांनी वीस-बावीस ज्यूंना गोळ्या घातल्या, त्या वेळी ती तिथे होती. तिचा फोटो आहे, चेहरा विस्कटलेला, रडवेला. तिने वरिष्ठांकडे तक्रार केली हेही खरं दिसतं. पण मग पुढे? ऑक्टोबरात वॉर्सात हिटलरसमोर सैन्याचं संचलन झालं, त्याच्या शूटिंगला बाई हजर. आणि जून १९४० ला पॅरिस पडलं तेव्हा हिटलरला तार, आनंदाने, कृतज्ञतेने ओथंबलेली. नंतर विचारलं तर म्हणे मला वाटलं युद्ध संपलं, म्हणून आनंद झाला. कोन्स्किए बघून जेमतेम नऊ महिने झाले होते.

आता टीफलांड. एका ऑपेरावरून घेतलेली गोष्ट, स्पेनमध्ये घडणारी, हिरोईन हीच. शूटिंग १९४० ला सुरू झालं, युद्धामुळे स्पेनला जाता येईना, मग आल्प्समध्ये खोटं स्पॅनिश गाव उभारलं. गाव झालं, पण स्पॅनिश दिसणारी माणसं कुठून आणणार? तर झाल्सबुर्गजवळच्या माक्सग्लान कॅम्पमधून रोमा-सिंती (ज्यांना जिप्सी म्हणायचे) माणसं, पोरंबाळं उचलली, नंतर बर्लिनच्या मार्त्सान कॅम्पमधून आणखी. सगळे मिळून शंभराच्या वर. कैदी होते ते, तारेच्या कुंपणातले. त्यांना मजुरी मिळाली नाही. शूटिंग संपल्यावर परत कॅम्पमध्ये, आणि त्यातले कितीतरी पुढे आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले, तिथेच मेले. आणि सिनेमा १९५४ ला लागला! त्यातली लहान मुलं पडद्यावर हसत पळताना दिसतात. मी एकदा बघितला, परत बघवणार नाही.

उंटावरचा शहाणा:
हे माहीत होतं, पण तिने स्वतः कॅम्पमध्ये जाऊन निवडले हे सिद्ध झालंय का? की प्रॉडक्शनवाल्यांनी आणले?

निमूट वाचक:
वाचलेल्यांनी सांगितलंय की ती स्वतः आली होती. नीना ग्लाडित्स या बाईंनी १९८२ ला यावर टीव्हीसाठी डॉक्युमेंटरी केली, त्यात हे लोक कॅमेऱ्यासमोर बोलतात. रीफेनश्टालने केस ठोकली, तिची ती सवयच होती, १९४९ ला एका मासिकावर याच विषयावर केस करून जिंकलीही होती. या वेळी कोर्टाने बहुतेक सगळं ग्लाडित्सच्या बाजूने दिलं, म्हणजे बाई स्वतः कॅम्पमध्ये गेली, माणसं निवडली, मजुरी दिली नाही, हे म्हणता येईल. फक्त आउश्वित्झचं तिला तेव्हाच कळलं होतं हा भाग काढा म्हणाले. ग्लाडित्सने काढायला नकार दिला, आणि फिल्म चॅनेलच्या कपाटात जाऊन पडली ती पडलीच. म्हणजे हरून पण जिंकली बाई.

आणि हद्द म्हणजे २००२. वयाची शंभरी गाठताना पेपरला मुलाखत देऊन सांगते की टीफलांडमधल्या सगळ्या जिप्सींना आम्ही युद्धानंतर भेटलो, कुणालाही काहीही झालं नाही. कुणालाही! रोमा लोकांच्या संघटनेने कोर्टाची भाषा केली तेव्हा शब्द मागे घेतले. सरकारी वकिलांनी चौकशीही उघडली आणि मग वय वगैरे बघून बंद केली. १९३४ ला तरुण होती, वाहवत गेली, सगळं समजू शकते मी. पण शंभराव्या वर्षी कुणाची सक्ती होती?

अर्धवट सिनेमावेडी:
बापरे. टीफलांडचं मला काहीच माहीत नव्हतं. त्या म्युलरच्या डॉक्युमेंटरीत विषय निघतो पण मला तेव्हा त्याचं गांभीर्यच कळलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, मित्राला लिंक पाठवली आहे. तेवढं सत्तरच्या दशकाचं कुणी सांगा ना.

रीळवाला:
सांगतो. १९६२ पासून ती सुदानला जायला लागली, नुबा लोकांमध्ये जाऊन राहायची, भाषा थोडी शिकली, फोटो काढले. १९७३ ला त्या फोटोंचं पुस्तक आलं, मोठे रंगीत फोटो, कुस्ती खेळणारे उंच, राख फासलेले तरुण, आणि जग परत फिदा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला एका ब्रिटिश पेपरसाठी फोटोग्राफर म्हणून गेली, १९७४ ला मिक जॅगरचे फोटो काढले, त्याच वर्षी अमेरिकेत टेल्युराइड फेस्टिव्हलला सत्कार झाला, बाहेर निदर्शनं चालू. एकूण काय, ग्लॅमर परत आलं.

तेव्हा अमेरिकन लेखिका सुझन सोन्टागने १९७५ ला तिच्यावर जो लेख लिहिला तो वाचाच. थोडक्यात तिचं म्हणणं असं की ही वेगळी लेनी नाहीच, डोंगरपटातली चढणारी शरीरं, न्युरेंबर्गच्या रांगा, ऑलिम्पिकचे खेळाडू आणि हे नुबा पैलवान, सगळीकडे एकच वेड आहे, ताकद, पूर्णत्व, आणि दुबळ्याला जागा नाही. मला स्वतःला नुबांच्या बाबतीत हे जरा ताणलेलं वाटतं, सुंदर शरीराचे फोटो काढणारा प्रत्येकजण फॅसिस्ट नसतो राव. पण त्या पुस्तकात म्हातारे-कोतारे फारसे सापडत नाहीत हे मात्र उघडून बघितल्यावर पटतं.

सत्तरी ओलांडल्यावर वय खोटं सांगून स्कूबा डायव्हिंग शिकली, २००० साली सुदानमध्ये हेलिकॉप्टर कोसळलं त्यातून वाचली, २००२ ला समुद्राखालची फिल्म काढली आणि २००३ ला १०१ व्या वर्षी गेली. चिवटपणाला तोड नाही.

कातरी आणि डिंक:
आंद्रेस व्हाइएलची २०२४ ची 'रीफेनश्टाल' मिळाली तर सोडू नका. बाईच्या मागे राहिलेली ७०० खोकी आता बर्लिनला सरकारी संस्थेकडे आहेत, त्यातलं साहित्य वापरून केलीये. १९७६ ला ती एका जर्मन टॉक शोमध्ये गेली होती, समोर तिच्याच वयाची एक कामगार बाई बसवलेली, ती तिला तोंडावर विचारते की असल्या फिल्म करवल्या तरी कशा. कार्यक्रम संपला आणि रीफेनश्टालच्या घरी फोन सुरू झाले, सामान्य जर्मन माणसं, तुम्ही बरोबर आहात, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. हे फोन तिने टेप करून जपून ठेवले होते, आणि व्हाइएल ते ऐकवतो. निमूट म्हणतात ते पूर्ण मान्य, फक्त माझ्या यादीत टीफलांडच्या खालोखाल या कॅसेट आहेत.

निमूट वाचक:
+१. आणि सिनेमावेडी, मित्र म्हणतो म्हणून ऑलिम्पिया बघायची थांबू नका, पण टीफलांड पण बघा. पोरांच्या चेहऱ्यावर कॅमेरा येतो तिथे फिल्म थोडी थांबवा, कारण टायटलमध्ये त्यांची नावं नाहीत.